सतरा ज्वेल्सचा जमाना

परळी वैजनाथमध्ये सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा वाजून गेलेले असतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि परळी त्या रेषेच्या जवळजवळ सहा अंश पश्चिमेला आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर परळीचा सूर्य देशाच्या घड्याळामागे सरासरी २४ मिनिटं चालतो. ही २४ मिनिटं म्हणजे बरोबर एक घटका. बुडाला बारीक भोक असलेलं तांब्याचं घटिकापात्र पाण्याच्या घंगाळात सोडायचं. ते भरून बुडालं की घटका झाली. अशा साठ घटकांचा एक दिवस. लग्नाचे मुहूर्त या पात्रावर साधले जात. पात्र वापरातून गेलं, तरी ‘घटकाभर टेका’ आणि ‘त्याची घटका भरली’ हे बोलणं गेलं नाही. ‘घड्याळ’ हा शब्दही त्याच कुळातला.

गेल्या पंचवीस वर्षांत परळीत आणि एकूणच बीड जिल्ह्यात ‘घड्याळ’ म्हटलं की ऐकणाऱ्याला आधी मतपत्रिकेवरचं पक्षाचं चिन्ह आठवतं, ही गोष्ट वेगळी. पण गंमत अशी की त्या निवडणूक चिन्हावरही मनगटातलं आधुनिक घड्याळ नाही; दोन पायांवर उभं राहणारं, जुन्या घरांतल्या फडताळावर असायचं तसं गजराचं घड्याळ आहे. त्याला रोज रात्री चावी द्यावी लागे. ती विसरली की पहाटेची गाडी चुकायची.

चावीच्या या घड्याळांविषयी सध्या महाराष्ट्रात पुन्हा बोललं जातंय. वडिलांची ‘एचएमटी जनता’ कपाटातून काढून दुरुस्त करून घेणारे तरुण भेटतात. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी, मुंबईच्या चोरबाजारात शुक्रवारी, बंद पडलेल्या घड्याळांच्या ढिगात हात घालणारे वाढलेत. कोणी एचएमटीचं ‘पायलट’ शोधतो, कोणी ‘कांचन’. शोधणारा सहसा एकच वाक्य बोलतो : तो काळ सोन्याचा होता. सोनं होतं हे खरं; पण ते नेमकं कशात होतं, हे घड्याळाचं झाकण उघडल्याशिवाय कळत नाही.

मुंबईचे स्विस

मनगटी घड्याळ मराठी मुलखात आलं ते मुंबईच्या वाटेनं. स्वित्झर्लंडच्या फावर-ल्यूबा या घराण्याचा मुंबईशी व्यापार १८६५ च्या सुमारास सुरू झाला. ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ तर १८८६ मध्ये मुंबईतच स्थापन झाली; घड्याळं स्वित्झर्लंडमध्ये बनायची आणि खपायची हिंदुस्थानात. तिच्या एका प्रसिद्ध मॉडेलचं नाव ‘सोवार’, म्हणजे आपला घोडेस्वार. पहिल्या महायुद्धात हिंदी शिपायांच्या मनगटांवर ही घड्याळं होती. पुढे फावर-ल्यूबाचा ‘फेवर ल्युबा’ असा सोपा उच्चार होऊन तेही नाव मराठी घरांत रुळलं. त्यांचं ‘सी किंग’ हातात असणं म्हणजे माणूस वकील, डॉक्टर, मामलेदार किंवा बागायतदार असणार, असा सरळ हिशेब होता.

तालुक्याच्या गावातल्या शिक्षकाला किंवा रेल्वेतल्या पॉइंट्समनला हा प्रकार परवडणारा नव्हता. त्यांच्यासाठी वेळ सार्वजनिक होती : स्टेशनातलं घड्याळ, कचेरीतले टोले, गिरणीचा भोंगा. मुंबईत १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर या सार्वजनिक वेळेचा सर्वांत देखणा नमुना. स्वतःच्या मालकीची वेळ सामान्य माणसाला मिळायला स्वातंत्र्यानंतर चौदा वर्षं जावी लागली.

जनता नावाचं घड्याळ

हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, ही केंद्र सरकारची कंपनी मुळात कारखान्यांना लागणारी यंत्रं बनवण्यासाठी १९५३ मध्ये बंगळूरला सुरू झाली. १९६१ मध्ये तिनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं घड्याळांचा कारखाना काढला. चावीच्या मनगटी घड्याळांची पहिली खेप पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. पुढे तुमकुरू, श्रीनगर आणि नैनीताल जिल्ह्यातल्या राणीबागलाही कारखाने निघाले. नावं अस्सल देशी होती : जनता, जवान, सोना, कोहिनूर, कांचन, सुजाता, नूतन. काही तबकड्यांवर ‘जनता’ हे नाव देवनागरीत छापलेलं असे. अंधांसाठी ब्रेल घड्याळही याच कंपनीनं बनवलं.

परळीसारख्या गावांत हे घड्याळ पोचण्याचा काळ आणि नोकरदार वर्ग वाढण्याचा काळ जवळपास एकच. परळीच्या औष्णिक वीज केंद्रातले ३० मेगावॉटचे पहिले संच १९७१ च्या सुमाराचे. २१० मेगावॉटचे तीन मोठे संच १९८० ते १९८७ या काळात उभे राहिले. बॉयलरला रात्र नसते. तीन पाळ्यांत काम करणाऱ्या माणसाला सूर्याकडे पाहून चालत नाही, मग तो सूर्य २४ मिनिटं मागे असो की नसो. मराठवाड्याला जवळ असलेल्या हैदराबादमध्येही १९८० च्या दशकात ऑल्विन कंपनी जपानच्या सैकोच्या तंत्रावर घड्याळं बनवू लागली होती. पण मनगटांवर राज्य होतं एचएमटीचंच.

घड्याळाचा दुसरा मोठा ग्राहक होता लग्नाचा मांडव. सायकल, रेडिओ आणि घड्याळ या तीन वस्तूंशिवाय कित्येक याद्या पुऱ्या होत नसत. ‘कांचन’ हे वार आणि तारीख दाखवणारं, चावी न देता हाताच्या हालचालीवर चालणारं ऑटोमॅटिक घड्याळ या याद्यांत वरच्या नंबरावर असे. मागणी एवढी की ते दुकानात सरळ भावानं मिळणं कठीण. एचएमटीचा घड्याळ कारखाना १९६१ चा आणि हुंडाबंदीचा कायदाही १९६१ चाच. दोघांपैकी खेड्यापाड्यांत आधी काय पोचलं, हे त्या काळातले लग्नाचे फोटो सांगतात. कोपरात हात वाकवून, शर्टाची बाही मुद्दाम वर सरकवून बसलेला नवरदेव घराघरांतल्या अल्बममध्ये आहे.

झाकणाच्या आत

चावीचं घड्याळ चालतं कसं? चावी फिरवली की एका चपट्या डबीतली पोलादी पट्टी गुंडाळली जाते. ही मुख्य स्प्रिंग. जुने कारागीर तिला कमान म्हणतात. गुंडाळलेली पट्टी उलगडायला धडपडते आणि तिची ताकद दातेरी चक्रांच्या माळेतून पुढे जाते. ती तशीच मोकळी सोडली तर काटे क्षणभर गरगर फिरून थांबतील. म्हणून शेवटी एक पहारेकरी बसवलेला असतो. बॅलन्स व्हील नावाचं चाक केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या, म्हणजे हेअरस्प्रिंगच्या, जोरावर इकडून तिकडे झुलतं आणि प्रत्येक झोक्याला चक्राचा फक्त एक दाता पुढे सोडतं. ‘टिकटिक’ ऐकू येते ती या अडवण्या-सोडण्याची.

जनता आणि पायलट या दोन्ही घड्याळांत ‘०२३१’ या क्रमांकाचं यंत्र आहे. ते तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच आणि दिवसाला ४ लाख ३२ हजार. दिवसात एक मिनिट चूक झाली, तर हजारात एक ठोकाही चुकलेला नसतो. एवढं घर्षण सोसायला धातू पुरत नाही, म्हणून चाकांच्या टोकांखाली कृत्रिम माणकाचे इवलेसे खडे बसवतात. तबकडीवर लिहिलेले ‘१७ ज्वेल्स’ ते हेच. घड्याळात रत्नं आहेत असं सांगून मुलांना ते हाताळू न देणारे आजोबा अगदीच थापा मारत नव्हते. फक्त त्या खड्यांना बाजारात मोल नव्हतं.

याच यंत्रात सुवर्णकाळाचं मर्म दडलेलं आहे. पायलटची काळी तबकडी आणि जनताची साधी पांढरी तबकडी बाहेरून कितीही वेगळ्या दिसोत, आतले भाग तेच. त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या घड्याळजीला पन्नास प्रकारचे सुटे भाग ठेवावे लागत नसत. काचेच्या पेटीएवढं टेबल, डोळ्याला लावायचं भिंग, चिमटे, बारीक पेचकस, पेट्रोलची वाटी, तेलाची कुपी आणि मेलेल्या घड्याळांनी भरलेला एक डबा, एवढ्यावर दुकान उभं राही. घड्याळ मागे पडतंय, पुढे पळतंय की थांबून थांबून चालतंय, हे विचारून तो अर्धं निदान आधीच करायचा. बंगळूरच्या कारखान्यात बनलेलं यंत्र परळीच्या मोंढ्याजवळ बसलेला माणूस पूर्ण सुटं करून पुन्हा जोडू शकत होता. आज खिशातल्या फोनबद्दल असं म्हणता येत नाही.

स्फटिक आला

२५ डिसेंबर १९६९ ला सैकोनं टोकियोत ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. क्वार्ट्झच्या स्फटिकाला वीज दिली की तो ठरलेल्या गतीनं थरथरतो. आजच्या नेहमीच्या घड्याळांत ही गती सेकंदाला ३२,७६८ आहे. पाच ठोक्यांच्या घड्याळानं या शर्यतीत उतरणंच अवघड होतं. स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगात १९७० च्या सुमारास ९० हजारांच्या आसपास माणसं होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती साधारण एक तृतीयांश उरली.

भारतात क्वार्ट्झ घड्याळ आधी आणलं ते एचएमटीनंच, १९८१ मध्ये. पण कंपनीचा जीव चावीच्या घड्याळांत गुंतलेला राहिला. १९८४ मध्ये टाटा समूह आणि तमिळनाडू सरकारच्या औद्योगिक महामंडळानं मिळून टायटन कंपनी काढली. झर्क्सिस देसाई तिचे पहिले व्यवस्थापकीय संचालक. होसूरच्या कारखान्यातून निघालेली टायटनची घड्याळं सडपातळ, क्वार्ट्झची होती. झगझगीत दुकानांत काचेमागे मांडलेली, जाहिरातीला मोझार्टचं संगीत. घड्याळ विकत घेणं हा आता दागिना निवडण्यासारखा प्रकार झाला. एचएमटी तोवर रांगेत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला घड्याळ देत होती. रांग संपल्यावर काय करायचं, हे तिला सुचलं नाही.

तोटा वाढत गेला. २०१४ मध्ये कंपनी बंद करण्याचा सरकारचा निर्णय जाहीर झाला आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीनं एचएमटी वॉचेस आणि श्रीनगरची एचएमटी चिनार वॉचेस बंद करायला मान्यता दिली. तुमकुरूच्या कारखान्याची जमीन नंतर इस्रोला देण्यात आली.

मेल्यावर वाढलेला भाव

बंद होण्याची बातमी आली आणि वर्षानुवर्षं दुकानात धूळ खात पडलेली घड्याळं हातोहात खपली. ज्यांनी आयुष्यभर एचएमटी वापरली त्यांच्यापेक्षा ज्यांनी ती कधीच बांधली नव्हती असे तरुण यात जास्त. संग्रहाचा छंद हा असा उलटा चालतो : वस्तू बनणं थांबलं की तिचा सुवर्णकाळ सुरू होतो.

जगातही हेच झालं होतं. क्वार्ट्झनं हरवलेलं यांत्रिक घड्याळ १९९० नंतर श्रीमंतांची वस्तू म्हणून परत आलं. गरज संपली म्हणूनच त्याची हौस झाली. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात हॉलिवूडचे नट पॉल न्यूमन यांचं रोलेक्स डेटोना १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. २०२१ मध्ये जुन्या घड्याळांचे भाव शेअरसारखे चढले आणि पुढच्या वर्षी शेअरसारखेच घसरले. घड्याळ हातात बांधण्याऐवजी लॉकरमध्ये ठेवणाऱ्यांचा तो काळ. आपल्याकडे रकमा लहान होत्या, लाट तीच होती.

या लाटेत महाराष्ट्राचा वाटा एका नावानं जगभर गाजला. ते नाव अभिमानानं सांगण्यासारखं नाही. परदेशातले संग्राहक एका विशिष्ट प्रकारच्या घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. जुन्या एचएमटीचं, सैकोचं किंवा फेवर ल्युबाचं यंत्र घ्यायचं, तबकडी घासून झगझगीत निळी, लाल किंवा केशरी रंगवायची, तिच्यावर कंपनीचं नाव नव्यानं छापायचं, काटे दुसऱ्याच घड्याळाचे लावायचे, केस पॉलिश करून कडा गोल होईपर्यंत घासायची आणि ‘जुनं, दुर्मीळ’ म्हणून ऑनलाइन विकायचं. यंत्र बहुतेक वेळा अस्सल असतं. खोटं असतं ते तोंड. कारखान्यानं कधीच न काढलेले रंग, जाडीत कमी-जास्त असलेली अक्षरं, मिनिटांच्या खुणांवरून घसरणारा काटा, या खुणांवरून जाणकार ते ओळखतात.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. १९८५ साली घड्याळजीकडे गेलेला माणूस स्वतःच सांगायचा, ‘डायल काळी पडलीय, नवीन करून द्या.’ मुलाच्या लग्नात हातावर पिवळटलेली तबकडी कोणाला हवी असते? रंगवून देणारे हात मुंबईत होते, ते काम नीट व्हायचं आणि गिऱ्हाईक खुशीत पैसे मोजायचं. त्याच हातांनी तेच काम २०२० साली केलं तर ते बनावट ठरतं. मधल्या काळात कारागिरी बदलली नाही. घड्याळाकडे बघणारा माणूस बदलला. आधी त्याला घड्याळ वापरायचं होतं, आता त्याला ते जुनंच हवंय.

या छंदाची किंमतही घड्याळांनीच मोजली. कारखाना बंद, सुटे भाग संपत आलेले. एक जनता जिवंत करायला दुसरी जनता फोडावी लागते. संग्राहकाच्या पेटीत दहा चालू घड्याळं दिसतात, तेव्हा घड्याळजीच्या डब्यात अजून काही रिकामी झालेली असतात.

सोनं किती, मुलामा किती

जुन्या काळाच्या आठवणीत काही गोष्टी सोयीनं वगळल्या जातात. त्या काळात आवडीचं घड्याळ निवडायचं नसे, मिळेल ते घ्यायचं असे. परदेशी घड्याळांवर निर्बंध होते, म्हणून सोन्याबरोबर घड्याळांचीही तस्करी होई. पाणी आत शिरलं की तबकडीवर बुरशीसारखे डाग पडत. दिवसाला मिनिटभर मागेपुढे होणं हे चांगल्या घड्याळाचंही लक्षण होतं. म्हणून सकाळी आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की घराघरांत काटे जुळवले जात. वेळ अचूक ठेवायचं काम खरं तर रेडिओ करायचा. शंभर-सव्वाशे रुपयांचं साधं क्वार्ट्झ घड्याळ आज याहून कितीतरी अचूक चालतं, आणि त्याला चावीही लागत नाही.

मग हळहळ कशाची? अचूकतेची नाही, कंपनीची तर नाहीच नाही. ती आहे उघडता येण्याची. सामान्य माणूस घेऊ शकेल असं यंत्र, ते दुरुस्त करणारा माणूस हाकेच्या अंतरावर आणि त्या दोघांमध्ये न बदलणारे सुटे भाग, हे तिन्ही एकाच वेळी जुळून आले तो काळ साधारण १९६१ ते १९९० चा. त्या तीन गोष्टींतली पहिली लिलावात मिळते. तिसरी जुन्या डब्यांतून अजून थोडी निघते. दुसरी संपत चालली आहे, कारण घड्याळ दुरुस्तीच्या टेबलावर नवा मुलगा बसताना क्वचितच दिसतो. सेल बदलून आणि पट्टे विकून भागतं, तिथे हेअरस्प्रिंग सरळ करायला कोण शिकणार?

कपाटात घड्याळ असेल तर

घरात वडिलांचं किंवा आजोबांचं चावीचं घड्याळ पडून असेल, तर पहिली गोष्ट म्हणजे ते आपटून किंवा जोरात हलवून सुरू करू नये. चावी हळूच फिरवावी. विरोध जाणवला की थांबावं. ‘जास्त चावी दिली म्हणून बंद पडलं’ हा समज चुकीचा आहे. पूर्ण चावी दिलेलं घड्याळ थांबतं, ते बहुतेक वेळा आतलं तेल सुकून घट्ट झाल्यामुळे. तारीख असलेल्या घड्याळात रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत तारीख बदलू नये, कारण तेव्हा तारखेचे दाते आधीच गुंतलेले असतात. मोबाइल, स्पीकर आणि चुंबकाच्या झाकणाची पाकिटं यांपासून घड्याळ लांब ठेवावं. हेअरस्प्रिंग चुंबकित झाली की ते पळू लागतं. १९६० पूर्वीच्या काही घड्याळांच्या काट्यांवर खऱ्या रेडियमचा रंग असे. मराठीत आजही अंधारात चमकणाऱ्या कुठल्याही पट्टीला रेडियम म्हणतात, ती याच रंगाची आठवण. अशी घड्याळं घरी उघडू नयेत.

घड्याळ चाललं तर रात्रीच्या बातम्यांना ते मोबाइलशी जुळवावं आणि दुसऱ्या दिवशी चावी देऊन त्याच वेळी पुन्हा पाहावं. फरक मिनिट-दोन मिनिटांचा असेल तर यंत्र ठीक आहे. पाच-दहा मिनिटांचा असेल तर ते धुऊन तेल घालून घ्यायला हवं. आणि अजिबात चालत नसेल, तर गावातला घड्याळजी अजून बसत असेल तोवर त्याच्याकडे न्यावं. त्याला सांगायचं एवढंच : ‘मशीन साफ करा, तबकडीला हात लावू नका.’